पांढरडोहचं पाणी

पटाशी

दंतवैद्यक महाविद्यालय, तिसरा मजला, दंतलेख विभाग. खुर्ची मागे रेललेली. शर्वरी डोणगावकरचं तोंड उघडं, त्यात लाळ ओढणारी नळी, वर दिवा, दिव्याखाली दोन डॉक्टरांची डोकी. बोलायची सोय नाही.

तिचे पुढचे चार दात तपकिरी होते. आडव्या पट्ट्यांचे.

क्षारपट्ट्यातल्या गावांत असे दात होतात. विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. तिथे दवाखाना टाकायला कुणी जात नाही, म्हणून प्रवेशाच्या काही जागा तिथे जन्मलेल्यांसाठीच ठेवलेल्या. दाखले खोटे निघायला लागले तसे दातच दाखला झाले.

शर्वरी नागपूरची. खुल्या जागेला तिचे गुण कमी पडले. गेल्या वर्षीही पडले होते. आधी नुसत्या डोळ्यांनी बघतात, संशय आला तरच यंत्र लावतात, असं क्लासमधल्या कुणीतरी सांगितलं.

पट्ट्या काल आईनं रंगवल्या. आधी आम्ल, मग रंग, बारीक कुंचला. शर्वरीनं समोर तसल्या डागाळ दातांचा फोटो धरला होता. आईनं तो पाहिलाही नाही.

"आता हस बघू," आई म्हणाली, आणि स्वतःच हसली. तोंडावर तळहात धरून. ती नेहमी तशीच हसते. दात खरं तर जाहिरातीत शोभतील असे, एकसारखे, पांढरेशुभ्र. पण पुण्याच्या माहेरचं जुनं वळण, असं शर्वरीला वाटायचं.

सुळा

त्याआधी, बाहेर रांगेत तिच्या मागे पौर्णिमा आत्राम होती. क्षारपट्ट्यातली, खरीखुरी. कशावरून तरी दोघी हसल्या. पौर्णिमाचा हात आपोआप तोंडावर गेला. शर्वरीचा मांडीवरच राहिला.

"तू हासतानी तोंड नाही झाकत?" पौर्णिमानं डोळे मोठे केले. "लय डेअरिंग आहे बाप्पा तुयात. मले शिकव न."

शर्वरीनं ओठ मिटले ते खुर्चीत बसेपर्यंत उघडलेच नाहीत.

दाढ

"मॅडम, हा रंग आहे," डॉ. पठाण म्हणाले. ते पदार्थवैज्ञानिक, दातांतल्या रेघा वाचणारं यंत्र, दंतलेखवाचक, त्यांनीच बनवलेलं.

डॉ. ओगले विभागप्रमुख. त्यांनी आरसा फिरवून पाहिलं. "आहेच. पण हात काय सुरेख आहे! हुबेहूब. कुणी केलं गं हे?"

शर्वरीच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. पुसायला हात उचलायचीही लाज वाटली.

"उठव तिला. हिच्यावर कशाला लेसर घालवतोस?"

"खोटं ठरवायचं तरी मोजून ठरवू."

दाढेवर टिचकी मारल्यासारखं झालं. डॉ. पठाण पडद्याकडे वळले.

"मॅडम. जलछाप क्षारपट्ट्यातल्या पांढरडोहची येतेय."

"रंगातली असेल."

"रंग पुढच्या दातांवर. मी वाचतोय पहिली दाढ, तीही आतून."

"मी दात भरण्यात केस पांढरे केलेत, पठाण. मला शाळेतल्या पोरीला सांगतोस तसं सांग."

"झाडाच्या खोडात वलयं असतात तशा इनॅमलमध्ये रेघा. जन्माच्या वेळची रेघ ठळक पडते, ती जन्मरेषा. इनॅमल एकदा घडलं की बदलत नाही. त्या दिवसांत पोटात गेलेल्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम तिथेच अडकून राहतं. दर गावचा खडक वेगळा, म्हणून दर गावची छाप वेगळी. हिची जन्मरेषा पांढरडोहची. पुढे वर्षभराच्या रेघाही तिथल्याच. मग नागपूर."

"अरे, पण मग डाग? पांढरडोहचं पाणी प्यालेलं मूल आणि रंगाखाली दात एवढे स्वच्छ?" डॉ. ओगले थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दूध."

"काय?"

"ही पाणी प्यालीच नाही. अंगावर पीत होती. आईच्या दुधात फ्लोराइड जवळजवळ उतरत नाही. डाग आईला. बाळाचे दात कोरे."

"स्ट्रॉन्शियम मात्र उतरतं. छाप कळण्यापुरतं."

"म्हणजे पहिलटकरीण माहेरी गेली, वर्षभर तिथे राहिली."

माहेरी. खुर्चीतल्या खुर्चीत शर्वरीला कुंचला आठवला. फोटोकडे न बघता चालणारा.

डॉ. ओगलेंनी दिवा बाजूला केला. "बेटा, आम्ही डाग बघतच नाही, जन्मरेषा बघतो. काही न लावता आली असतीस तर ही जागा तुझी होती. हक्काची. आता दातांत फेरफार केलास म्हणून कायमची अपात्र."

"आँ," शर्वरी म्हणाली. नळीनं ते ओढून घेतलं.

पडलेला दात

आई बाकावरून उठून लगबगीनं पुढे आली.

"झालं? कळलं नाही ना कुणाला?"

रंग पुसलेल्या, आम्लानं खरखरीत झालेल्या दातांवरून शर्वरीनं जीभ फिरवली. आईचे दात तिनं आज पहिल्यांदा नीट पाहिले. एकाच साच्यातून निघावेत तसे. खऱ्या दातांवर बसवलेल्या टोप्या. सगळ्याच्या सगळ्या.

चार पावलांवर पौर्णिमा आपली पाळी यायची वाट बघत उभी होती. आईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि झटकन नजर वळवली.

"आई, पांढरडोहचं पाणी चवीला कसं लागतं?"

आईचा हात तोंडावर गेला. ती हसत नव्हती.

"गोड," ती तळहाताआडून म्हणाली.