पडद्यामागचा श्वास

बैरूतमध्ये वीज गेली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली आणि रिंदालाची नझीहशी गाठ पडली. त्याने तान्ह्या बाळासारखा अ‍ॅम्प्लिफायर छातीशी धरला होता, तिच्या हातात आवाज मोजायच्या माइकची पेटी. दोघंही एकाच मासिकात ध्वनियंत्रांची परीक्षणं लिहायला निघाले होते.

"याचा आवाज ऐक एकदा... मध आहे, मध!"

"किती टक्के? मोजून सांगते."

"अगं, जेवणाची चव थर्मामीटरने घेतेस का?"

"नाही. पण ताप थर्मामीटरनेच बघते!"

जनरेटर लागला, लिफ्ट हलली, भांडण मात्र वर्षभर मासिकात रंगलं. तो कानांनी ऐकून लिहायचा, ती यंत्राने मोजून. रोज सकाळी तो गरम मनाकीश रोटी आणायचा आणि मोठा तुकडा तिलाच द्यायचा. तिला तो आवडायला लागला होता, पण कबूल कोण करणार!

"झाकून ऐकवा, मग बघू यांचे कान," असं ती दर अंकात लिहायची. शेवटी संपादक मादाम सलवांनी ते मनावर घेतलं. महागडा आणि स्वस्त, दोन अ‍ॅम्प्लिफायर पडद्याआड ठेवायचे. नझीहला ओळखता आले नाहीत, तर त्याचं सदर बंद. मग तो मॉन्ट्रियलला भावाकडे जाणार होता. आपण मागितलेली चाचणी रिंदालाच्याच अंगाशी आली. तिच्या मोजमापात तर दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांत फरकच नव्हता.

पडद्याआड बसून ती नाणं उडवायची, छापा पडला तर महागडा जोडायची, मग गाणं लावायची. पलीकडून नझीह सांगायचा, "महागडा... हा स्वस्त..." एकदाही चुकला नाही! टाळ्या पडल्या, सगळे कॉफीला गेले. रिंदाला चक्रावून यंत्राकडे बघत राहिली.

नझीहने पडदा सारला. "मला काडीचा फरक ऐकू आला नाही, रिंदाला."

"मग?"

"महागडा लावलास की गाणं सुरू होण्याआधी तू श्वास रोखायचीस... जणू 'ओळख रे' म्हणत."

तिचे कान तापले. उत्तर ठाऊक असलेल्याने जवळ बसू नये, हा नियम तिनेच तर लिहिला होता!

"मादामना सांगून येतो. असलं जिंकणं मला पचायचं नाही."

"चूक माझी, मीच सांगणार. चाचणी पुन्हा होईल."

"आणि मी हरेन."

"हरशील. सदर जाईल... पण तू जाऊ नकोस ना. मला तू इथे हवायस, नझीह. माझ्याजवळ."

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, यंत्रं गप्प झाली. त्याची पावलं जवळ आली.

मग अगदी जवळून तो म्हणाला, "आत्ताही श्वास रोखलायस."

"मग लवकर बोल ना, वेड्या!"

"राहतो."

रिंदालाने श्वास सोडला.