उतारावरचं कीर्तन

“एकट्याला मिळणार नाही.” सायकली भाड्याने देणाऱ्या वैजनाथकाकांनी पाटीकडे बोट दाखवलं. “वाचता येतं ना? जोडसायकल. माणसं दोन.”

धायरीची तनुजा हिरमुसली. शैलाने, तिच्या मैत्रिणीने, ऐन वेळी दांडी मारली होती. श्रावणातला रविवार, टेकडीवरच्या उद्यानात ही गर्दी. बाकीच्या सायकली केव्हाच सुटलेल्या.

“मी पण एकटाच आहे,” मागून कुणीतरी म्हणालं. “म्हणजे… सायकलपुरतं म्हणायलोय.”

ती वळली. उंच, सावळा, चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि बोलून झाल्यावर स्वतःच लाजलेला!

“उत्तरेश्वर. लातूरचा. इथं हिंजवडीत असतो.”

“तनुजा. हँडल माझ्याकडे राहील.”

“राहू द्या की. आयटीत आहे, मागून ढकलायची सवय आहे मला.”

“ओळखी झाल्या असतील तर निघा,” काका म्हणाले. “लोक खोळंबलेत.”

निघाले. पहिल्या तळ्यापर्यंत पायडलांचा मेळ काही बसेना. हिचा पाय वर तर त्याचाही वरच जायला हवा, तो मध्येच अडे. चढावर मात्र दोघांना एक लय सापडली. ऊन यायचं, सर यायची, परत ऊन. माथ्यावर थांबून त्याने खिशातून उकडलेल्या शेंगा काढल्या. सोललेले दाणे तो न बोलता तिच्या तळहातावर ठेवत गेला. एकदा बोट तळव्याला लागलं तसा दचकून म्हणाला, “सॉरी हां!” तिला इतकं हसू आलं!

“रविवारी काय करता एरवी?” त्याने विचारलं.

तनुजाचं हसू विरलं. “काही नाही. घरकाम…”

खरं तर ती कीर्तन करायची. आजोबांच्या मागे टाळ घेऊन उभी राहता राहता शिकली, आणि आता पंचक्रोशीतून बोलावणी येत होती. पण दोन स्थळं त्यावरूनच मोडली. ‘लग्न झाल्यावर बंद करणार ना?’ असं विचारायचे, जसं काही तंबाखूचं व्यसनच! ही ‘नाही’ म्हणाली की चहा अर्धा टाकून मंडळी उठायची. शेवटी आईच म्हणाली, “पुढच्या वेळी सांगूच नकोस बाई आधी.”

म्हणून नाही सांगितलं. पण जी जीभ देवाचं नाव घ्यायची तीच देवाला लपवत होती, आणि तोंडातला दाणा कडू लागत होता.

पुढे उतार होता. खाली दुसरं तळं, कमळांनी भरलेलं.

“मगर असेल का हो यात?”

“मगर नाही. पण मगरीची गोष्ट आहे,” ती म्हणून गेली.

“सांगा की मग.”

आणि सुरू झाली तनुजा! तहानलेला हत्ती तळ्यात उतरला, मगरीने पाय धरला, सगेसोयरे काठावरून बघत राहिले… तिचा आवाज चढत गेला, सायकल वेग घेत गेली. “अहो, बळ सरलं! सगळ्यांची आशा सुटली! तेव्हा त्याने एक कमळ खुडलं, सोंड उंच केली आणि हाक मारली, नारायणा—”

कीर्तनात या जागी दोन्ही हात वर जातात. इथेही गेले.

सायकल गवतातून घसरत थेट तळ्याकाठच्या चिखलात! दोघंही मांडीपर्यंत रुतून बसलेले. वरून शिटी फुंकत वैजनाथकाका येताना दिसले.

“हत्तीसाठी देव धावला होता म्हणे,” उत्तरेश्वर चष्मा पुसत म्हणाला. “आपल्यासाठी काका यायलेत.”

तनुजाला हसता येईना. “मी कीर्तन करते,” ती घाईघाईने म्हणाली, जणू आत्ता नाही सांगितलं तर कधीच जमणार नाही. “दर रविवारी. घरकाम-बिरकाम खोटं होतं.”

त्याने चष्मा नाकावर चढवला. मग हळूच म्हणाला, “लग्न झाल्यावर…”

हाही तसाच.

“…नवऱ्याने कीर्तनाला कुठं बसायचं असतं? अगदी पुढं, का मागं खांबाला टेकून?”

तनुजाने मान खाली घातली. कान तापले होते.

“खांबाला टेकणारे झोपतात.”

“मग पुढंच बसतो. बायको रागवायला नको.”

“घाई होतेय असं नाही वाटत?”

“व्हायलीच आहे. काका पोचायच्या आत विचारायचं होतं.”

तेवढ्यात काका पोचलेच. “पाण्यात सायकल नेण्यास मनाई आहे! कुणाची चूक ही?”

“माझी,” दोघंही एकदम म्हणाले.

सायकल ओढून काढताना तनुजा त्याच्याकडे न बघता पुटपुटली, “पुढचा रविवार. धायरी, मारुतीचं देऊळ, संध्याकाळी. आईला सांगते मी… कुणीतरी येणार आहे म्हणून.”