न खाकरणारा

त्या दिवशी मी गावी, रनाळ्याला, गेलो ते अगदी साध्या कामाला. मायच्या टीव्हीला एक छोटा कॉम्प्युटर जोडायचा होता. साबणाच्या वडीएवढी डबी. टीव्हीच्या पाठीला चिकटवायची, एक वायर टीव्हीत, एक विजेच्या बोर्डात, झालं काम. नंदुरबारला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, असली कामं मी डोळे मिटून करतो. वडील गेल्यापासून त्या टीव्हीवर नुसती धूळ साचली होती आणि माय घरात एकटी. मी तिला पडद्यावर मोठमोठी चित्रं लावून दिली : कीर्तन, अहिराणी गाणी, मालिका. एक बटण दाबायचं, की इंटरनेटवरून कार्यक्रम सुरू. नावं ठेवायला जागा नव्हती.

पण खरं कारण निराळं होतं, आणि ते सांगताना माझी मान वर होत नाही. शेजारच्या रमिलाबाईंनी माझ्या बायकोला, स्वप्नालीला, फोन केला होता, की धनुबाई, म्हणजे माझी माय, दुपारच्या एकट्याच बोलत बसतात. स्वप्नाली म्हणाली, त्यांना आता इकडे आणायला हवं. माय तर घर सोडायचं नाव काढू देत नव्हती. तेव्हा आधी आपल्या डोळ्यांनी पाहू, असं मी ठरवलं. टीव्हीच्या डोक्यावर मी एक कॅमेरा बसवला, तो डबीला जोडला, आणि डबी माझ्या फोनला. टीव्ही बंद असला तरी तो मला दाखवत राहील अशी सोय केली. त्याच्यावरचा बारीक लाल दिवा तेवढा काळ्या पट्टीने झाकून टाकला.

"हाऊ कसाले रे, भाऊ?" मायने कॅमेऱ्याकडे बोट करून मला विचारलं.

"नातीसंगे बोलाले, माय. तिनं तोंड तुले दखाई."

ती इतकी हरखली, की तिने पदराच्या टोकाने कॅमेरा पुसला. नव्या कोऱ्या वस्तूवर धूळ कुठली असणार, तरी पुसला. मी वायरी आवरायच्या निमित्ताने खाली बघत राहिलो.

मिरचीचा हंगाम होता. मिरच्या वाळत घातलेल्या पथाऱ्यांवरून वारा आला की दुकानात बसल्या बसल्या ठसका लागायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी शटर अर्धं ओढून फोन उघडायचो. माय बोलायची हे खरं. पण मांजरीशी, चुलीशी, तुरीतल्या किड्यांशी. एकटं माणूस बोलतं तसंच. गाणं लावून ती पाय पसरून बसायची, पांढरे केस मोकळे सोडून तेल लावायची, गुणगुणायची. डोक्यावर पदर नसायचा. वेडबीड काही नव्हतं, आणि मी तिथेच थांबायला हवं होतं. पण चटक लागली म्हणा... एकटी असतानाची माय मी जन्मात पाहिली नव्हती.

मग एका दुपारी ती केस विंचरता विंचरता थबकली. सावकाश मान वळवून तिने टीव्हीकडे पाहिलं. पडद्याकडे नाही, त्याच्या जरा वर. सरळ माझ्याकडे. मग तिने पदर डोक्यावर घेतला, पुढे नाकापर्यंत ओढला आणि पाठ फिरवून बसली.

सत्तरीची बाई ती. घरात तिच्याहून मोठं कोणी उरलेलं नाही. असा पदर आमच्याकडे सून ओढते, सासऱ्यासमोर. आणि तिचे सासरे, माझे आजोबा, मी रांगत होतो तेव्हाच गेले.

त्यानंतर रोज तेच. मी फोन उघडायचा अवकाश, तिचा हात पदराकडे जायचा. मी मुद्दाम वेळ बदलून पाहिली. कधी सकाळी, कधी ती जेवत असताना. ती तोंडाशी नेलेला घास खाली ठेवायची आणि भिंतीकडे वळायची. तिने गाणी लावणं सोडलं, केसांना तेल लावणं सोडलं. मी काही फोन उघडणं सोडलं नाही. मला कळायचं होतं, तिला तिथे कोण दिसतं ते.

शेवटी रमिलाबाईंचा पुन्हा फोन आला, की धनुबाई जेवतच नाहीत. स्वप्नाली म्हणाली, आता त्यांना घेऊनच या.

मी पोचलो तेव्हा संध्याकाळ उतरत होती. दार लोटलेलं. आत दिवा नव्हता, आवाज नव्हता. गार झालेल्या राखेचा आणि शिळ्या भाकरीचा वास येत होता. माय कोपऱ्यात बसली होती, पदर पुढे, तोंड भिंतीकडे.

"माय... कोन शे घरमा?"

ती भिंतीलाच सांगावं तसं पुटपुटली.

"पयले माले वाटनं, तुन्हा आजा ऊना... पन तो नही."

"कसं समजनं?"

"तो घरमा येवाना पयले दारमा खाकरे. बायासले पदर लेवाले टाईम भेटे." तिचा आवाज अगदी खाली गेला. "हाऊ खाकरत नही, भाऊ... हाऊ तसाच देखस."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आजोबांच्या धाकाने म्हणे गोठ्यातली गुरंही चुपचाप उभी राहायची. तो माणूससुद्धा स्वतःच्या घरात शिरताना खाकरायचा. मी तिच्या पोटचा. तो मीच होतो, माय, एवढंसं वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. म्हणालो, डबी बिघडली आहे, दुरुस्तीला नेतो. वायरी ओढून काढल्या, कॅमेरा पिशवीत टाकला. तेव्हा कुठे तिने तोंड वळवलं. पदर मागे सारला आणि माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, बरं केलंस. रात्री तिने दोन भाकरी खाल्ल्या. तिला नंदुरबारला न्यायची गोष्ट मी काढलीच नाही.

दुकानात येऊन मी डबीतलं कार्ड पुसून कोरं केलं. कॅमेऱ्याची वायर कापली. सगळं तसंच टेबलावर पडून होतं. फोनमधलं कॅमेऱ्याचं ॲप तेवढं काढायचं राहिलं. राहिलं कसलं, काढवलं नाही.

परवा दुपारी फोन थरथरला. रनाळ्याचं चित्र सुरू झालं होतं. उघडायला नको होतं... उघडलं. माय उन्हाच्या कवडशात बसली होती, केस मोकळे, शेजारी तेलाची वाटी. गुणगुणत होती. कापलेल्या वायरीचा कॅमेरा माझ्या कोपराजवळ पालथा पडलेला. हे चित्र येतंय तरी कुठून, हा विचार पहिला यायला हवा होता. मी नुसता बघत राहिलो. इतक्या दिवसांनी ती तशी बसलेली दिसली, म्हणून बघतच राहिलो.

तेवढ्यात कोणीतरी खाकरलं. जुन्या, तंबाखू खाणाऱ्या माणसासारखं, सावकाश. फोनमधून नाही. दुकानात, अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आत, माझ्या खुर्चीच्या अगदी मागे.

चित्रात मायने तेलाचे हात पुसले आणि पदर डोक्यावर घेतला. तिला जराही घाई नव्हती. वेळ मिळाला होता.