मास्तरच्या तोंडचं वाक्य

समुद्रपूरहून वर्ध्याला येणारी सकाळची एसटी खड्ड्यात आदळली आणि सुरभीच्या पांढऱ्या अ‍ॅप्रनवर काळ्या शाईची वीतभर रेघ उमटली. शेजारचा तरुण मांडीवर वही घेऊन चित्र काढत होता. धावत्या एसटीत शाईचं पेन उघडणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर चित्रकार. हा दोन्ही होता.

"सॉरी मॅडम... मले वाटलं, हा खड्डा बुजवला असन."

"आता ड्युटीवर काय सांगू मी?"

त्याने मान तिरकी करून त्या रेघेकडे पाहिलं, अगदी गंभीरपणे. "तुम्ही हो म्हणत असान तर हिची पोरगी करतो. धावणारी."

खरं तर चिडायला हवं होतं. पण सुरभीने अ‍ॅप्रनचं टोक ताणून धरलं, आणि वर्धा येईपर्यंत त्या रेघेतून दोन वेण्या उडवत पळणारी एक पोरगी तयार झाली. तिच्या चपलेचा अंगठा काढायचा राहिला होता तेव्हा सुरभी चित्राकडे पाहतच नव्हती. ती खाली झुकलेल्या पापण्यांकडे पाहत होती.

सुरभी सावंगीच्या दवाखान्यात फिजिओथेरपी करायची. पायाला प्लास्टर घातलेल्या पोरांना ती पोरगी इतकी आवडली, की 'तिचं पुढे काय झालं' हे सांगितल्याशिवाय कोणी व्यायामाला पाय उचलेना. मग काय, सुरभी चित्रकाराला शोधत बाजारात गेली. चंदन त्याचं नाव. एका दुकानात वाढदिवसांचे बॅनर बनवायचा. तिथे, कुणा दादांच्या हसऱ्या फोटोखाली उभं राहून दोघांनी ठरवलं, की 'सुसाट' नावाच्या पोरीचं कॉमिक काढायचं. दर महिन्याला आठ पानं, झेरॉक्स काढून वॉर्डाच्या भिंतीवर.

दर रविवारी पवनारला, धाम नदीच्या काठच्या खडकावर बसून ते पानं ठरवायचे आणि भांडायचे. भांडण नेहमी एकाच माणसावरून. सुसाटचा गुरू, मास्तर.

चंदनचा मास्तर गुडघ्यापर्यंत दाढी वाढवून डोळे मिटून बसायचा आणि तोंड उघडलं की उपदेशच बाहेर पडायचा.

"हा जेवते का कधी?" सुरभीने विचारलं.

"गुरू कुठं जेवते?"

"आमची शकुंतलाबाई जेवते. चश्मा हरवते. चुकलं तर 'चुकलं माह्यं' म्हणते."

शकुंतलाबाई म्हणजे वॉर्डातली जुनी आया. रडणाऱ्या लेकराला दुखू न देता उठवायचं कसं, हे सुरभीला पुस्तकाने नाही, तिने शिकवलं होतं. पुढच्या महिन्यात मास्तरची दाढी गेली. तो ज्वारीची भाकर खाऊ लागला आणि कपाळावरचा चश्मा घरभर शोधू लागला. पोरं खुश झाली.

चौथ्या अंकात चंदनला मास्तरला मारायचं होतं. "तो मेल्याशिवाय सुसाटले राग कसा येईन?"

"रागानंच धावावं काऊन? आवडते म्हणून नाई धावू शकत का ती?"

तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. सुरभीला एकदम ओढणी सारखी करावीशी वाटली. मास्तर वाचला. आणि रविवार यायला इतका वेळ का लागतो, हे तिला हळूहळू कळू लागलं.

जानेवारीत पुण्याहून पत्र आलं. एक वर्षाचं प्रशिक्षण, लहान मुलांच्या मोठ्या केंद्रात. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. तिने चंदनला फोन केला.

"अरे वा... जा ना," तो म्हणाला.

ती 'पण'ची वाट पाहत राहिली. 'पण' आलाच नाही.

रविवारी तो नवी पानं घेऊन आला. कापसाच्या गाड्या जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकले होते, पाणी संथ होतं. सुरभी वाचत गेली. सुसाटला दूरच्या शहरातून बोलावणं येतं. ती विचारते, मास्तर, मी जाऊ? मास्तर पाठ फिरवून म्हणतो, 'जा. तुह्यासाठी इथं कोणी थांबलं नाई.' शेवटच्या चौकटीत तो झाडामागे डोळे पुसतो.

"हा खोटं बोलून राह्यला," सुरभी म्हणाली.

"तिच्या भल्यासाठी."

"तिचं भलं यानं परस्पर ठरवलं?"

चंदनने पेन्सिलीचं टोक बोटावर फिरवलं. "मास्तरचं हे तोंड भैयाजीचं हाय. माह्ये चित्रकलेचे सर. नागपूरच्या कॉलेजात नंबर लागला होता माह्या. ते म्हणाले, तू गेला तर मले कोण? जाऊ नोको. मी नाई गेलो." "त्यायनं जे बोलाले पाह्यजे होतं, ते मी मास्तरच्या तोंडी टाकलं."

सुरभीचा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी उरली ती फक्त भीती — हा माणूस आपल्याला असाच, डोळे पुसत पाठवून देईल.

"भैयाजी खरं बोलले, पण अडवलं," ती हळूच म्हणाली. "मास्तर अडवत नाई, पण खोटं बोलते. काऊन रे... खरं सांगून, अडवू नाई, असं नाई जमत का कोणाले?"

"खरं सांगितलं आन् ती थांबली तर?"

"मी... ती काही भोळी नाई."

तिची जीभ घसरली होती आणि ती सावरायची तिची इच्छा नव्हती. तिने पिशवीतून खोडरबर काढून त्याच्यासमोर धरला.

चंदनने मास्तरचं वाक्य खोडलं. कागदाला भोक पडतं की काय, इतकं खोडलं. मग संवादाच्या रिकाम्या फुग्यात बारीक अक्षरात लिहू लागला. बॅनरवर हातभर अक्षरं काढणारा माणूस, पण ही जेमतेम दिसत होती.

'जा म्हणतो, पण पोटात तुटते. तू मले आवडते. तरी जा.'

"मास्तर सुसाटले असं म्हणन?" तिने विचारलं.

"नाई. मास्तर नाई म्हणत हे," तो मान वर न करता म्हणाला. "मी म्हणतो."

धामच्या पाण्यात पलीकडे कुणीतरी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज थोड्या उशिराने अलीकडे पोचत होता. सुरभीने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. सुसाटच्या तोंडासमोर नवा फुगा काढला, वाकडातिकडा, आणि त्यात लिहिलं: 'मी जातो. एक वर्ष. वाट पाह्यजो, चंदन.'

चंदनने ते दोनदा वाचलं. "हे पान भिंतीवर नाई लावता येणार," तो म्हणाला. "पोरं विचारतीन, चंदन कोण?"

"नको लावू," सुरभी म्हणाली. तिने पान घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवलं आणि शाईने काळी झालेली त्याची बोटं हातात घेतली. "पोरायसाठी दुसरं काढ. त्यात मास्तरले खरं बोलू दे."