पुठ्ठ्याची नळी आणि शेवटचा सूर

दार ढकललं आणि आतून असा काही भोंगा वाजला की माझ्या हातातला कोलाच – खसखस भरलेला गोड पाव – थेट उंबऱ्यावर पडला.

"माफ करा हं!" भल्यामोठ्या बॅरिटोन सॅक्सोफोनच्या मागून एक विस्कटलेलं डोकं वर आलं. "मला वाटलं, एवढ्या पावसात कोण येतंय..."

"वेंडेलिन आजोबा आहेत का? वाद्यं दुरुस्त करणारे?"

"आजोबा व्हायला जरा अवकाश आहे. पण वेंडेलिन मीच."

मी कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. आमच्या या चेक गावात, क्रास्लित्सेत, जुनी वाद्यं दुरुस्त करणारा माणूस म्हाताराच असणार, हे मी आपलं मनानंच ठरवून टाकलं होतं. त्यानं आपल्या डब्यातला अर्धा कोलाच माझ्यापुढे धरला. मी घेतला – भूक लागली होती, खोटं कशाला बोलू!

मी गावच्या बँडमध्ये बॅरिटोन वाजवते. बँडचं जुनं वाद्य कायमचं थकलं होतं, आणि मला स्वतःचं घ्यायचं होतं, तेही रविवारच्या आत. रविवारी मला वाजवायला शिकवणारे वाव्रेचका मास्तर ऐंशी वर्षांचे होणार होते, आणि सोमवारी मुलीकडे, ऑस्ट्राव्हाला, कायमचे जाणार होते. नऊ वर्षांची असताना मला दम लागायचा. सगळे म्हणायचे, हिच्या हाती फुंकायचं वाद्य देऊ नका. मास्तरांनी सगळ्यांत मोठं दिलं. आज मी घेते तो श्वास त्यांचाच आहे, असं मला वाटतं. त्या दिवशी बँड वाजवणार होता तो त्यांनीच रचलेला वॉल्ट्झ बॅरिटोनच्या अगदी तळच्या सुरावर, खालच्या 'ए'वर, संपतो. तो सूर मला त्यांना द्यायचा होता.

वेंडेलिननं घोंगडीवर तीन वाद्यं मांडली. एक अमेरिकन, एक पॅरिसचं, आणि एक आमच्याच गावात घडलेलं, अठ्ठावन्न सालचं.

"तिन्हींना तुमचाच माउथपीस लावा," तो म्हणाला. "नाहीतर तुलना माउथपीसचीच व्हायची."

मग दिवा मालवून त्यानं अमेरिकनच्या पोटात एक बारीक बल्ब सोडला. झाकणं दाबली की उजेड कुठून गळतो ते बघायचं. आम्ही दोघं वाकलो... त्याच्या बाहीला तेलाचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता.

"गळतंय," तो हळूच म्हणाला.

"कुठं?"

"तुम्ही माझ्याकडे बघताय. खाली बघा."

अमेरिकन बाद झालं. पॅरिसचं देखणं होतं, त्याला खालच्या एची कळही होती. पण वाजवलं तर परक्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटलं. मग गावचं घेतलं... आणि पहिल्याच फुंकरीला बरगड्या थरथरल्या. मास्तरांच्या वर्गातला आवाज! पण त्याला ए नव्हता. एक पायरी वरच ते थांबायचं.

"पॅरिसचंच द्या मग," मी म्हणाले. गावचं वाद्य मी घोंगडीवर परत ठेवलं.

"ते घेतलंत तर माझा फायदा जास्त. पण घेऊ नका." त्यानं कोपऱ्यातली पुठ्ठ्याची जाड नळी उचलली, तिला लोकरी पट्टी गुंडाळली आणि गावच्या वाद्याच्या कर्ण्यासारख्या रुंद तोंडात घट्ट बसवली. "लांबी वाढली की सूर खाली उतरतो. आता वाजवा, सगळ्यांत खालचा."

ए! खोल, गोल... माझे डोळे भरून आले. जास्तीची कमाई सोडून या माणसानं मला माझा आवाज दिला होता.

"पण नळी आधीपासून ठेवता येत नाही हं, बाकीचे सूर बिघडतात. ऐन वेळीच लावायची."

"माझे दोन्ही हात कळांवर. लावणार कोण?"

"आहे एक जण ओळखीत. आजोबा म्हणतात त्याला."

पुढचे चार दिवस तो तालमीला येत राहिला. मी म्हणायचे, "लावा", तो लावायचा. आमच्याकडे अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायचं तर बाईनं आधी म्हणायचं असतं. पुरुषानं वाट बघायची. वेंडेलिन फार छान वाट बघायचा... आणि माझी जीभ काही रेटत नव्हती.

रविवारी सभागृह भरलं होतं. शेवटच्या सुराआधी दोन मात्रा सगळा बँड गप्प होतो. मी वळून पाहिलं – तर हा नळी छातीशी धरून माझ्याकडे बघत उभा! विसरलाच!

"वेंडा, लाव ना रे!"

त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. ट्रॉम्बोनवाले फिसकन हसले. त्यानं धडपडत नळी लावली, मी डोळे मिटून फुंकलं, आणि पायाखालच्या फळ्या गुणगुणल्या.

मास्तर उठून आले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"सूर पोचला गं, दाना."

"तुमचाच होता, मास्तर. सगळा."

"हा माझा," ते डोळे पुसत म्हणाले. "पण त्याच्या आधी ओरडलीस, तो कुणाचा?"

मी नळीवाल्याकडे वळले. "माफ करा... सगळ्यांसमोर तुम्हाला असं –"

"आता मागे घ्यायचं नाही हं." त्याचे कान माझ्याहून लाल होते. "दाना... ही नळी तुझ्या पेटीत ठेवू?"

पेटीत जागा भरपूर होती.

"नको," मी म्हणाले. "तुझ्याकडेच राहू दे. म्हणजे दर वेळी तुला यावं लागेल."