अल्होल्माच्या धक्क्यावरचा दिवा

उद्या कुठे जायचं ते ठरवताय ना? ठरवा. मोबाइलवर बेटं बघून झाली, कॉफी कुठे चांगली मिळते तेही बघून झालं. परतीची शेवटची बोट पाहिली का कुणी? नाही ना, वाटलंच मला. सिग्ने, तो मोठा दिवा मालव आणि बस इकडे. ऐकीव नाही, घडलेली गोष्ट आहे. माझ्या शेजाऱ्याची, हिल्डिंगची.

हिल्डिंग आणि त्याची बायको मर्ता. उभा जन्म स्टॉकहोममध्ये गेला, पण गाडी कधी घेतली नाही. शनिवार उजाडला की बस, ट्रेन, बोट, जे मिळेल ते धरून दोघं बाहेर. डब्यात अंड्याचं सँडविच, थर्मासमध्ये कॉफी. बेत सगळा मर्ताचा. तिचा नियम एकच होता, "आधी यायचं बघ, मग जायचं."

हिल्डिंग चिडवायचा, "तू स्वर्गाच्या दारातसुद्धा परतीची बोट विचारशील."

"विचारीन तर. तुझ्या भरवशावर राहिले असते तर आजवर दहा बेटांवर अडकलो असतो."

खोटं नव्हतं ते. बेटांवरच्या धक्क्यांवर खांब असतो, त्याला गोल पाटी. बोट थांबवायची तर दांडा ओढून पाटी चढवायची. अंधार पडला की दिवाही हलवायचा. नाहीतर बोट सरळ पुढे जाते. आणि बोटीत चढण्याआधी पाटी उतरवायची, म्हणजे पुढची बोट उगाच थांबत नाही. पाटी चढवायचा हिल्डिंग, आणि उतरवायला हमखास विसरायचा. मग मर्ता कुरकुरत मागे जायची, पाटी उतरवायची आणि शेवटी चढायची.

अल्होल्मा बेट तेवढं बघायचं राहिलं होतं. मे महिन्यातला शनिवार ठरला, आणि मध्ये हॉस्पिटल आलं. ऑगस्टात मर्ता गेली. घर खायला उठतं म्हणतात ना, तसं झालं हिल्डिंगचं. जिन्यात भेटला तरी मान वर करायचा नाही.

तर मी सांगतोय ती रात्र गेल्या नोव्हेंबरातली. कबरींवर दिवे लावतात, त्या शनिवारची. सकाळी तो दफनभूमीत गेला. दुकानातला दिवा त्याने नेला नव्हता. मर्ताच्या लिंगोन फळांच्या मुरंब्याची रिकामी बरणी, आत मेणबत्ती. बरणीवर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी, 'लिंगोन, घरची'. दिवा लावून कबरीवर ठेवला आणि तिथूनच बस धरून धक्क्यावर गेला, अल्होल्माच्या बोटीत बसला. जवळ टॉर्चसुद्धा नव्हता. परतीची बोट त्याने पाहिली नाही. विसरला नव्हता. बघायचीच नव्हती त्याला.

कळलं ना, काय म्हणतोय मी? हं.

"काका, हे त्यानेच सांगितलं तुम्हाला?"

त्यानेच, सिग्ने. आता मध्ये बोलू नकोस.

सगळं बेट तो चालला. नोव्हेंबरात तिथे चिटपाखरू नसतं, सगळ्या घरांना कुलपं. दुपार कलते न कलते तोच काळोख. धक्क्यावरच्या बाकावर येऊन बसला. आधी पाय दुखत होते, मग गार पडले, मग कळेनासे झाले. तिच्याशिवाय त्या घरात शिरायचं नाही, इथेच डोळे मिटावेत, एवढंच मनात. खांब हाताच्या अंतरावर होता. त्याने हात लावला नाही.

लांबवर बोटीचे दिवे दिसले.

तो हलला नाही.

बोट सरळ जाणार होती. जायलाच हवी होती.

वळली.

हिल्डिंगने मान वर केली. पाटी... चढलेली होती.

बोटीवरच्या खलाशी बाईने फळी टाकली. "या काका, लवकर या. दिसला तुमचा दिवा. किती हलवाल?"

"माझ्याजवळ दिवा नाही."

"मग कोण..."

ती खाली उतरली, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला वर घेतलं.

बोट सुटली. हिल्डिंग कठड्याला धरून मागे बघत राहिला. सवयीने तोंडातून गेलं, "पाटी उतरवायची राहिली."

धक्क्यावर कुणी नव्हतं.

करकर...

पाटी खाली आली. सावकाश.

खांबाच्या बुडाशी एक उजेड. पिवळा, एवढासा. तो तिथेच राहिला. बोटीकडे आला नाही.

"मर्ता," हिल्डिंग म्हणाला, "चढ ना गं."

मधलं पाणी रुंदावत गेलं...

"चढ ना."

खलाशी बाईने त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली. घरी येऊन तो अंथरुणावर नुसता बसून राहिला, पण घरात शिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने तो पुन्हा अल्होल्माला गेला. या खेपेला आधी परतीची बोट बघून. धक्का रिकामा होता. पाटी खाली. खांबाशी मुरंब्याची बरणी ठेवलेली होती. 'लिंगोन, घरची'. मेण सगळं जळून गेलं होतं.

त्याने ती दोन्ही हातांत धरली. काच अजून कोमट होती.