डाव्या दंडावर, उजव्या दंडावर

आप्पांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजाच्या फोनवर वडिलांच्या नावाने संदेश आला. ‘अभिनंदन, गणपतराव! आज तुमच्या वेदना आणखी कमी झाल्या आहेत.’

तिने ओट्याकडे पाहिलं. तिथे कोमट पाण्याची रबरी पिशवी होती आणि तिला आप्पांची ‘शमनी’ पट्ट्याने बांधलेली होती.

शमनी म्हणजे दंडाला बांधायची चपटी डबी. त्वचेवरून वेदना ओळखायची आणि तेवढ्यापुरतंच अफूच्या कुळातलं औषध कातडीतून आत सोडायचं, असं पाकिटावर छापलं होतं. सांगलीच्या मार्केट यार्डात पस्तीस वर्षं हळदीची पोती वाहून आप्पांची पाठ कामातून गेली, तेव्हा एका शिबिरात ती त्यांच्या डाव्या दंडावर फुकट बसवली. दीड वर्षाने ती एकदम काढून बघितली, ते आप्पांना सोसलं नाही; ती परत बांधली आणि उजव्या दंडावर दुसरी डबी आली, ‘उद्धार’. शमनीची सवय सोडवणारी. ही फुकट नव्हती. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी, चहाची वाट बघत खुर्चीत बसलेल्या आप्पांचा श्वास मंदावत गेला आणि थांबला.

शैलजा वजनमापे खात्यात निरीक्षक होती. काट्याचा आकडा वाचायचा नाही, आपलं प्रमाणित वजन ठेवून बघायचं, हा नियम तिने बावीस वर्षं पाळला. घरात पाळला नाही. आठ महिन्यांपूर्वी आप्पा म्हणाले होते, “शैले, ह्यातनं वाढत चाललंय गं. पोत्यात किलोभर जास्त असलं की पाठीला कळायचं, तसं कळतंय.”

तिने डबी उलटी करून बघितली होती. “मोहोर आहे की आप्पा. तपासलेली आहे.”

“मोहोर तर तू जप्त करतीस त्या काट्यांवरबी असती,” आप्पा हसून म्हणाले होते.

दहा वाजता, उद्धार बसवून गेलेला पुष्कर नाडगौडा आला. कंपनीने त्याच्या हुद्द्याला ‘सोबती’ असं नाव दिलं होतं. त्याने फोटोला हात जोडले, मोजून दोन सेकंद डोळे मिटले आणि खुर्चीत बसला. आईने चहा आणला. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता.

“काकांसारखा पेशंट नाही हो मिळणार,” तो म्हणाला. “दोन्ही उपकरणं न्यायला आलोय.”

“दोन्ही? शमनी एका कंपनीची, उद्धार दुसरीची. तुम्ही कुणाचे?”

“म्हणजे... दोघांचा. कुटुंबांची सोय म्हणून.”

“मारणारा आणि तिरडी बांधणारा एकच. सोय आहे खरी.”

त्याने चहाचा घोट घेतला. शैलजाने रबरी पिशवी उचलून टेबलावर ठेवली.

“ही बारा दिवस तुमची पेशंट आहे. हिला पाठ नाही, पोती वाहिलेली नाहीत. तरी शमनी रोज पहाटे औषध सोडते. खाली टिपकागद ठेवून मी रोज तोलला. रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त.”

“मॅडम, त्याला देखभालीची मात्रा म्हणतात.”

“आमच्या खात्यात मापात पाप म्हणतात. उद्धार चार दिवस मात्रा उतरवत आणते आणि मग अडून बसते. शून्यावर जातच नाही. गेली तर तुम्हाला पुन्हा कोण बोलावणार? एकीची औषधाची कुपी दुसरीत बसते, बसवून बघितली मी; औषध तेच. उद्धार लावली की शमनी आपोआप बंद होते म्हणाला होतात ना? दोन्ही एकत्र बांधल्या. नाही होत बंद. दोघी एकदमच सोडतात.” तिचा आवाज चढला नाही. “रबराला श्वास नाही, म्हणून ते टिकलं.”

नाडगौडाने कप खाली ठेवला. “औषधाच्या उपकरणांवर तुमचा अधिकार चालत नाही.”

“पाकिटावर माप तुम्हीच छापलंत. छापलं तेवढंच आत हवं. एवढा अधिकार मला पुरतो. बारा वाजता आमचे कुंभार साहेब पंचनाम्याला येतील. माझ्या बापाचं प्रकरण मी स्वतः लिहिणार नाही.”

तो उठला. पहिल्यांदाच मनापासून हसला. “लिहा की. सांगलीत नऊ हजार शमन्या आहेत. एकदम काढली की माणूस कसा तडफडतो, ते काकांच्या वेळी बघितलंत ना? कुणाकुणाची काढाल?” मग दाराकडे वळून आदबीने म्हणाला, “येतो हं, काकू. तब्येतीला जपा.”

फाटक वाजलं. शैलजाने पिशवी, डब्या आणि तारखा घातलेले टिपकागद एका ओळीत मांडले. मग तिने मान वळवली.

आई उंबऱ्यात उभी होती. तिने पदर बाजूला केला. डाव्या दंडावर शमनी होती, नवीकोरी, पट्टा अजून कडक.

“गुडघ्यांसाठी,” ती म्हणाली. “आप्पांच्या दिवसांत पाटावर बसवेना. त्या पोराने बसवून दिली. तुला कुठं त्रास द्यायचा म्हणून बोलले नाही.”

शैलजाचा हात पट्ट्याच्या बकलापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. शमनी काढल्यावरचे पहिले दिवस आप्पांचे कसे गेले होते, ते तिला आठवलं. ते खाटेची कड दातांनी चावायचे.

“सकाळी मलाबी आला, अभिनंदनाचा निरोप,” आई म्हणाली. “शैले, कुंभार साहेब यायच्या आत सांग. ही काढू, का राहू दे?”